दाणा केवढा आणि दाणा कसा: साखर मोजण्यात गेलेले सात महिने

१८ जून २०२४ ला माझी एम.टेक.ची व्हायवा झाली. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत तिघांचे फोन आले आणि तिघांचाही प्रश्न एकच होता: पार्टिकल साइजचं, म्हणजे दाणे केवढे ते मोजण्याचं, काम कुठून सुरू केलंस, किती दिवस लागले, किती पैसे गेले? फोनवर मी प्रत्येकाला निम्मंच सांगू शकले. म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवते. सुरुवातीला मी फार गोंधळलेले होते आणि त्या वेळी असं काही वाचायला मिळालं असतं तर निदान महिनाभर वाचला असता.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात शिफ्ट केमिस्ट आहे. नोकरी सांभाळून केमिकल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. केलं. विषय ठरत नव्हता. ६ डिसेंबर २०२३ ला एका व्यापाऱ्याची तक्रार आली: एस-३० म्हणून घेतलेल्या साखरेत चुरा फार निघतोय, पोत्यात गठ्ठे होतायत. ज्यांना साखरेतलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, 'एस-३०', 'एम-३०' या नावातलं अक्षर दाण्याची साइज सांगतं आणि आकडा रंग सांगतो. कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेकडून प्रमाण नमुन्यांच्या बाटल्या येतात. आपली साखर त्यांच्याशेजारी ठेवून डोळ्यांनी ताडून बघायची. आमच्या रजिस्टरमध्ये त्या लॉटची ग्रेड बरोबर होती. मी पुन्हा बाटलीशेजारी धरून बघितलं, तरी बरोबरच वाटली.

पॅनवर गेले. पॅन म्हणजे पाक उकळून साखरेचा दाणा वाढवतात ते भांडं; ते चालवणाऱ्या आमच्या पॅनमनना सगळे आण्णा म्हणतात. वीस-पंचवीस वर्षं पॅन चालवतात. प्रूफ स्टिक नावाच्या सळईने पॅनमधल्या मॅसिक्युटचा, म्हणजे दाणे आणि पाकाच्या मिश्रणाचा, थेंब काढून काचेवर पसरायचा आणि दिव्यासमोर धरून दाणा बघायचा, ही त्यांची प्रयोगशाळा. ते म्हणाले, "ताई, दाणा लांबलाय. त्या आठवड्यात जळीत ऊस आलता. दोन-तीन दिवस पडून होता."

कारण पुस्तकात होतंच. जळालेला किंवा तोडून पडलेला ऊस शिळा होतो, त्यात ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू वाढतात आणि साखरेचं डेक्स्ट्रान बनवतात. डेक्स्ट्रान रसात राहिलं की साखरेचा स्फटिक सगळ्या बाजूंनी सारखा न वाढता एका दिशेने लांबत जातो. टोकाला तो सुईसारखा होतो. सुईदाणा सेंट्रीफ्युगलमध्ये, म्हणजे गरगर फिरवून पाक वेगळा करणाऱ्या यंत्रात, नीट धुतला जात नाही, दाणे साइजप्रमाणे वेगळे करणाऱ्या ग्रेडरवरून जाताना मोडतो आणि चुरा होतो. म्हणजे व्यापारी आणि आण्णा एकच गोष्ट सांगत होते.

११ डिसेंबरला मी हे सगळं माझ्या गाइड मॅडमना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "लांबलाय म्हणजे किती?" माझ्याकडे आकडा नव्हता. विषय तिथेच ठरला.

शब्दांचा घोळ आधी मिटवून टाका. मराठीत 'आकार' म्हटलं की केवढा हेही कळतं आणि कसा हेही. कामात हे दोन वेगळे ठेवले नाहीत तर पुढे सगळंच एकमेकांत मिसळतं. वहीच्या पहिल्या पानावर मी लिहून ठेवलं होतं: 'साइज' म्हणजे केवढा, 'घडण' म्हणजे कसा. इथेही तेच शब्द वापरते.

काम चाळणीपासून सुरू केलं, कारण चाळण्या लॅबमध्ये होत्या. १.१८ मिलिमीटर, मग ८५०, ६००, ४२५, ३००, २१२ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि तळाला चुरा झेलणारी ताटली. प्रत्येक चाळणीचं छिद्र खालच्या चाळणीच्या साधारण १.४ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतकं. वर १०० ग्रॅम साखर, शेकर १० मिनिटं, मग प्रत्येक चाळणीवर राहिलेलं वजन. साखर उद्योगात यावरून पॉवर्सच्या पद्धतीने दोन आकडे काढतात. ज्या छिद्रावर निम्मी साखर अडकेल ते छिद्र म्हणजे मीन अॅपर्चर, थोडक्यात एमए. आणि दाणे एकसारखे आहेत की विस्कळीत हे सांगणारा सीव्ही. त्यासाठी १६ टक्के साखर अडकते ते छिद्र आणि ८४ टक्के अडकते ते छिद्र यांतली वजाबाकी करून तिला एमएच्या दुपटीने भागायचं आणि शंभराने गुणायचं. ही छिद्रं आलेखावरून वाचतात, आणि त्यासाठीचा प्रॉबॅबिलिटी ग्राफपेपर आता दुकानात सहसा मिळत नाही. तो डाउनलोड करून छापून घ्या, पण छापताना 'फिट टू पेज' बंद ठेवा.

१२ डिसेंबरला एकाच चांगल्या पोत्यातून तीनदा साखर घेतली आणि तीनदा चाळली. एमए आला ६६८, ६०१ आणि ६३४ मायक्रॉन. पोतं एक, चाळण्या त्याच, हात माझाच. मला वाटलं शेकर बिघडला. दोन दिवस मी शेकरच्या मागे घालवले.

चूक शेकरची नव्हती, माझ्या स्कूपची होती. पोतं ट्रॉलीवरून हलत येतं तेव्हा बारीक दाणे फटींतून खाली सरकतात आणि मोठे वर राहतात. मी एकदा वरून घेतलं, एकदा कडेने, एकदा हात घालून. मला तीन वेगवेगळ्या साखरा मिळाल्या होत्या. सॅम्पलिंगवर वाचायला बसले तेव्हा वाळूच्या एका मिश्रणावर केलेल्या जुन्या चाचणीचे आकडे सापडले. स्कूपने घेतलेल्या नमुन्यांचं विचलन सुमारे ५ टक्के होतं, ढीग करून चार भाग करण्याच्या पद्धतीचं त्याहून जास्त, जवळपास ७. खाचांच्या पेटीने ते १ टक्क्यावर येतं आणि फिरत्या विभाजकाने तर ०.१३च्या आसपास. आपण सगळे लाखांच्या यंत्रांबद्दल बोलतो, पण यंत्रासमोर ठेवलेली चिमूट कुठून आली हे कुणी विचारत नाही. या सगळ्या कामातून दुसऱ्या कुणाला एकच गोष्ट द्यायची झाली तर मी ही देईन: आधी नमुना नीट घ्यायला शिका.

खाचांची पेटी, म्हणजे रिफल बॉक्स, आमच्याकडे नव्हती. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये असते, पण ती खडीसाठी, खाचा फार रुंद. शेवटी मिरजेतल्या एका फॅब्रिकेटरकडून पत्र्याची करून घेतली. १० मिलिमीटर रुंदीच्या १२ खाचा, एक आड एक उलट्या दिशेने सोडणाऱ्या, आणि खाली दोन ट्रे. २,२०० रुपये लागले. १८ डिसेंबरला चित्र काढून दिलं, २३ला हातात आली. खाचांची संख्या समच ठेवा, नाहीतर एका बाजूला जास्त पडतं. पत्र्याच्या आतल्या कडा घासून गुळगुळीत करून घ्या, नाहीतर बारीक चुरा तिथेच चिकटतो. ओतताना स्कूपने एका कोपऱ्यात टाकू नका, पेटीच्या पूर्ण रुंदीभर सारखं ओता. एक पोतं पूर्ण रिकामं करून पुन्हा पुन्हा निम्मं करत मी १०० ग्रॅमपर्यंत आले आणि तीनदा चाळलं. ६१८, ६२३, ६२०. त्या दिवशी रात्रपाळी होती. पहाटे तीनला हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले तेव्हा खूप बरं वाटलं होतं.

दरम्यान एक चाळणी फाटकी निघाली. ३०० मायक्रॉनच्या चाळणीवर भिंगातून बघताना तिथे असायला नकोत इतके मोठे दाणे दिसले. वरची ४२५ची चाळणी खिडकीसमोर धरली तर कडेला, जाळी रिंगला जोडते तिथे, नखाएवढी फट. किती महिन्यांपासून होती कुणास ठाऊक. प्रत्येक वापराआधी चाळणी उजेडासमोर धरून बघा, दहा सेकंद लागतात. अडकलेले दाणे टोकदार वस्तूने काढू नका; चाळणी उलटी करून मऊ ब्रशने, जाळीवर जोर न देता काढा. साखरेच्या चाळण्या कोमट पाण्याने धुता येतात, पण पूर्ण वाळल्याशिवाय रचू नका.

नवी चाळणी तेव्हा साधारण तीन हजारांची होती. ती यायला मात्र तीन आठवडे गेले: मागणीपत्र, चीफ केमिस्ट साहेबांची सही, तीन कोटेशनं, पर्चेस कमिटी. १४ डिसेंबरला मागणी गेली आणि ५ जानेवारीला चाळणी आली. सोबत कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागायला विसरू नका. प्रबंधात त्याची प्रत जोडावी लागते आणि नंतर मागितलं तर त्याचे वेगळे पैसे घेतात.

१२ जानेवारीपर्यंत चाळणीचं काम संपलं. चांगल्या उसाच्या दिवसांची साखर: एमए ६२०, सीव्ही २८. जळीत उसाच्या दिवसांची: एमए ५४०, सीव्ही ४१. (लॅबमध्ये रोजच्या लॉटचे एक-एक किलोचे राखीव नमुने असतात, म्हणून डिसेंबरची साखर जानेवारीत मिळाली. मी ते लगेच झाकणाच्या बाटल्यांत भरून सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. दमट साखर चाळलीत तर दाणे नाही, गुठळ्या मोजता.)

आता विद्यापीठाच्या, कणांची साइज मोजणाऱ्या लेझर यंत्राकडे वळते. कागदपत्रांत सर्वांत जास्त वेळ इथे गेला, म्हणून तपशिलात लिहिते.

लेझर कशाला हवं होतं? पॅनमध्ये दाणा आपोआप तयार होऊ देत नाहीत, बी टाकतात. साखर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बॉल मिलला तासन्‌तास दळून स्लरी करतात आणि तीच बी म्हणून सोडतात. या बियांची साइज काही मायक्रॉन असते, चाळणीच्या खूप खाली. आणि ती फार महत्त्वाची आहे. १० मायक्रॉनचं बी वाढून ६०० मायक्रॉनचा दाणा झाला तर व्यास ६० पट होतो, पण वस्तुमान ६० गुणिले ६० गुणिले ६०, म्हणजे २,१६,००० पट. एक टन साखरेला हिशोबाने पाच ग्रॅमहूनही कमी बी पुरतं. म्हणून बियांच्या साइजमधली छोटी चूक शेवटच्या दाण्यात फार मोठी होते. मला चार वेगवेगळे तास दळलेली स्लरी मोजायची होती आणि सोबत चार साखरेचे नमुने, दोन चांगल्या उसाचे, दोन जळीत उसाचे. एकूण आठ.

८ जानेवारीला एसटीने पुण्याला गेले. महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे या सगळ्या फेऱ्या परवडल्या. उपकरण सुविधा केंद्रात अर्ज दिला आणि ११ तारखेला ईमेलने तो परत आला. कारणं तीन होती. विभागप्रमुखांचा शिक्का नव्हता. नमुन्याच्या माहितीत अपवर्तनांक आणि घनता या जागा मी रिकाम्या सोडल्या होत्या. आणि कारखान्याचं पत्र जोडल्यामुळे मला उद्योगाचा दर लावला होता: नमुन्याला १,८०० रुपये, आठ नमुन्यांचे जीएसटीसह १६,९९२. विद्यार्थ्यांचा दर ६०० होता, म्हणजे जीएसटीसह ५,६६४. नोकरी करत शिकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कॉलेजचं बोनाफाइड जोडा आणि 'हे काम प्रबंधासाठी आहे' असं गाइडच्या सहीचं पत्र द्या. कारखान्याचं पत्र मागितल्याशिवाय देऊ नका. बोनाफाइडला तीन दिवस गेले. १६ जानेवारीला अर्ज स्वीकारला गेला.

त्या रिकाम्या जागांत काय भरायचं तेही सांगते. लेझर डिफ्रॅक्शनमध्ये यंत्र दाणा बघत नाही. दाण्यावर पडून विखुरलेला प्रकाश बघतं. मोठा दाणा प्रकाश लहान कोनात वळवतो, बारीक दाणा मोठ्या कोनात. त्या विखुरण्यावरून गणिताने साइज काढतात आणि ते गणित गुस्ताव मी यांनी १९०८ साली मांडलेल्या सिद्धांतावर चालतं. त्यासाठी पदार्थाचा आणि द्रवाचा अपवर्तनांक लागतो. साखरेचा स्फटिक १.५४ ते १.५७, बघण्याच्या दिशेनुसार वेगळा, मी १.५४ दिला. आयसोप्रोपिल अल्कोहोल १.३८. साखरेची घनता घन सेंटिमीटरला १.५९ ग्रॅम. मोठ्या दाण्यांना अपवर्तनांकाने फारसा फरक पडत नाही, पण दहा मायक्रॉनच्या खाली चुकीचा आकडा दिलात तर नसलेले बारीक कण निकालात उगवतात. अर्जासोबत एमएसडीएस, म्हणजे पदार्थाच्या सुरक्षिततेचं माहितीपत्रक, मागतात, साखरेचंसुद्धा. वाद घालू नका, जोडून द्या.

पहिली तारीख ५ फेब्रुवारी मिळाली. ३ तारखेला फोन आला, लेझरचं अलाइनमेंट लागत नाही, सर्व्हिस इंजिनिअर येतोय. दुसरी तारीख १९ फेब्रुवारी दिली. ती शिवजयंतीची सुट्टी आहे हे मी तिथेच लक्षात आणून दिलं, म्हणून ती २१ झाली. या वाटेवर असाल तर तुमच्या वेळापत्रकात तारखेला किमान महिनाभराची मोकळीक ठेवा. माझ्या प्रबंधाची मुदत मेअखेर होती, म्हणून निभावलं.

वाट बघत बसण्याऐवजी त्या मधल्या तीन आठवड्यांत मी घडणीचं काम उरकलं आणि ते अगदी कमी खर्चात झालं. कॉलेजच्या ऑफिसमध्ये साधा फ्लॅटबेड स्कॅनर होता. २,४०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला २,४०० ठिपक्यांवर, स्कॅन केलं तर एक पिक्सेल १०.६ मायक्रॉनचा येतो. अर्ध्या मिलिमीटरच्या दाण्यावर ४०-५० पिक्सेल मिळतात आणि एवढे पुरतात. काचेवर दाणे विरळ पसरायचे, एकमेकांना चिकटता कामा नयेत. वर काळं कागदी खोकं उलटं ठेवायचं. साखर पारदर्शक, त्यामुळे दाण्याच्या मध्ये काळे डाग राहतात. ते सॉफ्टवेअरमध्ये भरून काढावे लागतात. सॉफ्टवेअर इमेजजे, फुकट मिळतं. मोजपट्टी म्हणून मायक्रोस्कोपची स्टेज मायक्रोमीटर पट्टी स्कॅन केली, एक मिलिमीटरचे शंभर भाग असलेली. स्कॅनरवर छापलेल्या डीपीआयवर विसंबू नका. स्कॅनरची काच ओरखडू नये म्हणून मी पातळ ओएचपी शीट टाकली होती.

चांगल्या साखरेचे ६४२ दाणे मोजले, जळीत उसाचे ५८८. सॉफ्टवेअर घडणीचे बरेच आकडे देतं आणि सुरुवातीला सगळेच महत्त्वाचे वाटतात. वर्तुळपणा म्हणजे क्षेत्रफळाला ४π ने गुणून परिमितीच्या वर्गाने भागायचं. पूर्ण वर्तुळाला १ येतो. पण परिमिती पिक्सेलच्या पायऱ्यांवरून मोजली जाते, त्यामुळे रिझोल्यूशन बदललं की वर्तुळपणाही बदलतो. मी तोच दाणा १,२०० आणि २,४०० डीपीआयवर स्कॅन करून बघितला आणि वर्तुळपणा सोडून दिला. लांबी भागिले रुंदी हा साधा आकडा टिकला. चांगल्या साखरेत मध्यक १.३५ आला. जळीत उसाच्या साखरेत १.९.

तो कागद घेऊन मी पॅनवर गेले. आण्णांनी काचपट्टी पुसली, ताजा थेंब पसरला, दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "हा दीड असंल." तो थेंब धुऊन, दाणे सुकवून मी दुसऱ्या दिवशी स्कॅन केला. १.४७ आला.

२१ फेब्रुवारी. कारखान्याची जीप कामासाठी शिवाजीनगरच्या साखर संकुलात जाणार होती, तिच्यातून गेले. स्लरी अल्कोहोलमधली, एसटीत ज्वलनशील द्रव नेता येत नाही, म्हणून जीपचीच वाट बघितली होती. मोजताना लागणारं आयसोप्रोपिल अल्कोहोलही आपणच न्यायचं असतं. अडीच लिटरच्या दोन बाटल्या पुण्यातच विकत घेतल्या, १,६४० रुपये. पाणी चालणार नव्हतं, साखर विरघळली असती. अल्कोहोलमध्येही थोडं पाणी असतंच, म्हणून एका बाटलीत आदल्या रात्री साखर घालून हलवून ठेवावी आणि गाळून वापरावी, म्हणजे नमुन्यातलं काही विरघळत नाही. मी तीच बाटली आदल्या दिवशी आणायला हवी होती. ऐन वेळी केल्यामुळे सकाळचा दीड तास त्यातच गेला.

तिथल्या तंत्रज्ञ सरांना मी विचारलं, "मी शेजारी बसू का?" त्यांनी आनंदाने बसू दिलं. तुम्हीही बसाच. नमुना देऊन घरी आलात तर फक्त आलेख मिळतो, तो कसा आला ते कळत नाही.

पहिल्यांदा कोऱ्या द्रवाचं मोजमाप घेतात. ते स्थिरच होईना. बाहेर उन्हात तापलेली बाटली एसीच्या खोलीत आणली होती. गरम-गार द्रवाचे पट्टे प्रकाशाला वाकवत राहतात आणि यंत्राला ते कण वाटतात. चाळीस मिनिटं थांबलो. बाटली आदल्या दिवशीच त्या खोलीत ठेवा.

आधी स्लरी. थेंबाथेंबाने टाकत प्रकाश अडण्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आणलं. आठ तास दळलेल्या स्लरीचा डी५०, म्हणजे आकारमानाने निम्मे कण ज्याच्या खाली येतात ती साइज, १४ मायक्रॉन आली. मला हा आकडा पटेना, मायक्रोस्कोपखाली कण बारीक दिसले होते. सरांनी अल्ट्रासाउंड लावला. एक मिनिटाने ८.१, दोन मिनिटांनी ६.३, चार मिनिटांनी ६.२. म्हणजे १४ हा कणांचा नव्हे, एकमेकांना चिकटलेल्या झुपक्यांचा आकडा होता. आकडा खाली येत येत जिथे थांबतो ती पायरी पकडायची. पुढे रेटत राहिलात तर कण मोडायला लागतात. शेवटी डी१० आला २.१, डी५० ६.२, डी९० १७.४.

मग साखर. इथे अल्ट्रासाउंड मी लावू दिला नाही, दाणे तुटतील म्हणून. पहिला डी५० आला ५४५ आणि चांगल्या साखरेसाठी तो मला कमी वाटला. सरांनी टाकीत बोट दाखवलं. मोठे दाणे तळाशी बसले होते, लेझरसमोरून फक्त बारीक जात होते. ढवळण्याचा वेग वाढवत नेला तसा आकडा चढत गेला आणि मिनिटाला २,६०० फेऱ्यांच्या पुढे स्थिरावला. तिथे पाच मोजमापं घेतली. लेझर मोजणीचं आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या आयएसओ १३३२० प्रमाणे डी५० मधला फरक ३ टक्क्यांच्या आत असावा, तो होता. संध्याकाळी साडेसहाला आठवा नमुना संपला. जीप निघून गेली होती, रात्रीच्या एसटीने परतले.

मार्चचा पहिला पंधरवडा माझ्यासाठी सर्वांत जड गेला. तिन्ही निकाल एका तक्त्यात लिहिले आणि काही केल्या जुळेनात. चांगली साखर: चाळणीने ६२०, लेझरने ७०५, स्कॅनरवरून मोठी लांबी ८३०. जळीत उसाची: चाळणीने ५४०, लेझरने ६९०, लांबी ९८०. म्हणजे चाळणी म्हणत होती जळीत उसाची साखर बारीक आहे. लेझरच्या मते दोन्ही जवळपास सारख्या होत्या. स्कॅनर म्हणत होता तीच मोठी आहे. मला वाटलं कुठेतरी मोठी चूक झाली, पुन्हा १५ दिवस रांग, पुन्हा पैसे. दोन रात्री झोप लागली नाही.

मॅडमनी तक्ता बघितला आणि टेबलावरून पेन्सिल उचलून माझ्या हातात दिली. "ही चाळणीतून घाल." पेन्सिल उभी होऊन छिद्रातून जाते. चाळणीला लांबी कळतच नाही, ती रुंदी मोजते. स्कॅनरच्या काचेवर दाणा आडवा पडतो, उभा राहत नाही, म्हणून तिथे लांबी पूर्ण दिसते. लेझरसमोरून दाणे सगळ्या दिशांनी गडगडत जातात आणि यंत्र त्या सगळ्या सावल्यांना बसेल असे गोल शोधून देतं. प्रत्येक यंत्राने आपलं बरोबरच सांगितलं होतं. दाणा गोल असता तर तिन्ही आकडे एकाजवळ आले असते. ते जितके दूर जातात तितका दाणा लांबलेला. ९८० भागिले ५४० केलं तर १.८ येतं, स्कॅनरच्या १.९ च्या अगदी जवळ. जी तफावत मी चूक समजून लपवायला निघाले होते, ती माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण झाली.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण यात बरेच जण अडकतात. स्कॅनर दाणे मोजतो, चाळणी वजन मोजते. एक मिलिमीटरच्या एका दाण्याचं वजन ०.१ मिलिमीटरच्या हजार दाण्यांइतकं असतं. त्यामुळे दाण्यांच्या संख्येवरून काढलेली सरासरी आणि वजनावरून काढलेली सरासरी यांची थेट तुलना करता येत नाही. वरच्या लांबीच्या आकड्यांत मी प्रत्येक दाण्याला त्याच्या आकारमानाइतकं वजन देऊन सरासरी काढली आहे. तुम्ही कुठलाही आकडा लिहाल तिथे तो संख्येवरचा आहे की आकारमानावरचा, हे शेजारी लिहाच.

एप्रिल-मे लिहिण्यात गेले, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. हंगाम संपला होता, त्यामुळे रजा मिळाली. एकूण खर्च: लेझर ५,६६४, अल्कोहोल १,६४०, पेटी २,२००, मिळून ९,५०४ रुपये, शिवाय पुण्याच्या फेऱ्या आणि छपाई. चाळणीचे पैसे कारखान्याने दिले.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या साखरेच्या दाण्याची साइज किती?" मी म्हणाले, "सर, कशाने मोजलेली सांगू?" त्यांनी प्रबंध मिटवून बाजूला ठेवला आणि पुढचा पाऊण तास आम्ही नमुना कसा घेतला यावरच बोललो. पेटीच्या खाचांची रुंदी १० मिलिमीटरच का घेतली, हे त्यांनी विचारलं. (खाच सर्वांत मोठ्या दाण्याच्या किमान दोन-तीनपट रुंद हवी, म्हणजे दाणे अडकत नाहीत. दहाच्या खाली जोडकाम नीट होत नाही, असं फॅब्रिकेटर म्हणाला होता. दोन्ही कारणं सांगितली.)

येत्या हंगामापासून लॅबच्या रजिस्टरमध्ये एमए आणि सीव्हीच्या शेजारी 'लांबी : रुंदी' असा एक रकाना असावा, असं मी चीफ केमिस्ट साहेबांना सुचवलं. त्यांनी मान्य केलं, शेतकी विभागाकडून रोजच्या जळीत उसाचे टनही त्याच पानावर घ्यायला सांगितलं. स्कॅनरचं मागणीपत्र १ जुलैला गेलं आहे. तीन कोटेशनांपैकी दोन आली आहेत.